खारं पाणी, गोडं पाणी

पडवीत एक गोणपाट पसरा. दार उघडं ठेवा. पेट्रोलचा वास कोंडायला नको, आणि पावसाचा आवाजही आत यायला हवा. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या झापांखाली, आणि आउटबोर्ड मशिनं उतरवून घरात आणलेली. तुमच्यासमोरही असंच एक जुनं मशीन आहे. दोन सिलेंडरचं, टू-स्ट्रोक, चार पावसाळे कोपऱ्यात पडून राहिलेलं. त्याच्याजवळ बसा. पाना अजून उचलू नका.

आधी नुसतं बघा. वर इंजिन, तिथून खाली उतरलेला उभा शाफ्ट, तळाशी गिअर आणि गिअरला पंखा. ही मांडणी शंभर वर्षांहून जुनी आहे. नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूडने १९०९ साली अमेरिकेतल्या मिलवॉकीत अशी मशिनं विकायला काढली. त्याचा मुलूख तळ्यांचा, गोड्या पाण्याचा. आपल्याकडे मशीन खाडीच्या तोंडाशी चालतं. त्याच्या अंगावर आज जे जे दिसतंय, त्यातलं बरंच खाऱ्या पाण्याने लिहिलेलं आहे. ते सावकाश वाचू.

हेडच्या एका बोल्टजवळ बोट न्या. भोवती पांढरी भुकटी साचली आहे. चिमटीत घेऊन चोळा. हे मीठ नव्हे, हे अ‍ॅल्युमिनियम आहे. अ‍ॅल्युमिनियमचं अंग, पोलादाचा बोल्ट आणि मध्ये खारं पाणी असं त्रिकूट जमलं की त्याची बॅटरी होते आणि अ‍ॅल्युमिनियम झिजत जातं. त्याच्या भुकटीला मूळ धातूपेक्षा जास्त जागा लागते. ती आट्यांत दाटून बसते आणि बोल्ट जाम होतो.

माझ्या पहिल्या मशीनच्या वेळी मी इथेच जोर लावला. पान्याला पाइप अडकवून ओढलं. बोल्ट एकाएकी मऊ लागला. सुटला असं वाटलं, आणि मुंडकं पान्यात आलं. तो मऊपणा अजून मनगटाला आठवतो. उरलेला तुकडा ड्रिल करून काढण्यात तीन दिवस गेले.

तुम्ही तेलाचे दोन थेंब सोडा आणि आज उठा. रात्रभर तेलाला झिरपू द्या.

सकाळी पेट्रोल-रॉकेल लांब नेऊन ठेवा, मग बोल्टच्या भोवतीचा भाग थोडा गरम करा. आता पाना लावा. आधी केसभर आवळा, मग केसभर सोडा. पुन्हा तेल. पुन्हा आवळा, पुन्हा सोडा. श्वास रोखला गेला असेल तर सोडून द्या, कारण रोखलेल्या श्वासाबरोबर हात कडक होतो आणि त्याला बोल्ट कळत नाही. केव्हातरी एक बारीक ‘टक्’ होईल. तेवढ्यावर थांबा आणि पुढचा बोल्ट घ्या.

हेड निघालं. सिलेंडरभोवती पाणी फिरायच्या वाटा दिसतील. त्यात राखाडी खार गच्च बसला आहे. बांबूची काडी घ्या आणि थोडा थोडा उकरा. हे काम करताना एका गोष्टीवर मन ठेवा. ज्या पाण्याने बोल्ट जाम केला, तेच पाणी या वाटांनी फिरून इंजिन थंड ठेवत होतं. ते आत आलं नसतं तर पिस्टन केव्हाच धरला असता. मशीन समुद्रच पितं आणि समुद्रच त्याला खातो. त्याला दुसरं पाणी नाही.

आता खालचा पाय उघडा. पाणी वर चढवणारा रबरी इम्पेलर तिथे आहे. तो तळहातावर घ्या. त्याचं घर शाफ्टच्या मधोमध नसतं, थोडं सरकवलेलं असतं. फिरताना पाकळ्या एका बाजूला दबतात, दुसऱ्या बाजूला उघडतात. उघडताना पाणी ओढतात, दबताना पुढे ढकलतात. चार वर्षं एकाच जागी दबून राहिल्यामुळे यातल्या दोन पाकळ्या आता सरळ होत नाहीत. बोटाने हळूच सरळ करून बघा. परत वाकतात. हा बदलायचाच. नवा बसवताना शाफ्ट चालीच्या दिशेनेच फिरवा, म्हणजे पाकळ्या योग्य बाजूला कलतील.

जवळच जस्ताचा एक तुकडा पायाला जोडलेला असतो. खड्डे पडलेला, अर्धा विरघळलेला. खाऱ्या पाण्यात जस्त अ‍ॅल्युमिनियमच्या आधी झिजतं, म्हणून तो तिथे लावतात. तो झिजला याचा अर्थ त्याने आपलं काम केलं. थोडा वेळ त्याला हातात राहू द्या. तुमच्या घरात असं कोण झिजलं, ते आठवतंय का पाहा. मग नवा तुकडा लावा. त्याला रंग मात्र देऊ नका. रंगाखाली तो झिजणार नाही, आणि राखणारही नाही.

बाकीचं रोजच्या हाताचं काम. कार्ब्युरेटरच्या वाटीतलं चिकट पेट्रोल धुवा, जेटमधून आरपार उजेड दिसेपर्यंत साफ करा. पॅकिंग नवं, ऑइल सील नवी. हेडचे बोल्ट मधून बाहेर, थोडे थोडे करून आवळा.

मग अंगणात पिंप भरा. विहिरीचं गोडं पाणी. मशीन त्यात इम्पेलर बुडेपर्यंत उतरवा. कोरडं चालवलं तर नवा रबर लगेच जळेल. दोरी ओढा. पुन्हा ओढा. निळा धूर, अडखळता आवाज, मग एक चाल. आता आवाजाकडे लक्ष देऊ नका. मागच्या बारीक भोकाकडे बघा आणि वाट पाहा.

धार आली.

तिच्यात बोट धरा. आधी गार लागेल, मग हळूहळू कोमट. ती इंजिनाची ऊब घेऊन बाहेर येते आहे.

नारळी पौर्णिमेनंतर हे मशीन पुन्हा खाऱ्यात जाईल. खार पुन्हा बसेल, जस्त पुन्हा झिजेल. ते टळणार नाही, आणि मशीन पडवीत ठेवायला तर आपण ते उघडलं नव्हतं. हातात आहे ते एवढंच: रोज परतल्यावर दहा मिनिटं पिंपातलं गोडं पाणी. ज्या कामावर आपण जगतो ते आपल्यालाही रोज थोडं खातं. संध्याकाळी आपल्या आतून फिरणारं गोडं पाणी कोणतं, हा प्रश्न मनात असू द्या. उत्तराची घाई नाही.

पेट्रोलची नळी काढा. कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत मशीन चालू राहील. तोवर बोट धारेतच राहू द्या.