एकतीस जणी हरतात

चि. सोनूस,


फोनवर तू 'हो मामा, हो मामा' करतेस आणि त्याच वेळी दुसऱ्या कुणाला तरी मेसेज टाकत असतेस, हे मला पलीकडून कळतं. म्हणून कागद घेतला. ताईही म्हणाली, जे काय ते एकदा लिहून दे, घरात रोज तोच वाद नको.

३१ डिसेंबरला तुझं ज्युनिअर टेनिस संपतंय. ज्या वर्षी अठरा पूर्ण होतात, त्या वर्षाच्या शेवटच्या दिवसापर्यंतच खेळू देतात. पुढे ते दार बंद. तुझी ज्युनिअर क्रमवारी आता बारावीच्या टक्क्यांसारखी समज: प्रवेशापुरती कामाची, आत गेल्यावर कुणी विचारत नाही. वरच्या ज्युनिअर मुलींसाठी डब्ल्यू१५ स्पर्धांमध्ये थोड्या जागा राखून ठेवतात. त्याचा फायदा मिळाला तर जरूर घे आणि मग तो आकडा विसर.

डब्ल्यू१५ म्हणजे एकूण बक्षीस १५ हजार डॉलर. सिंगल्स-डबल्स मिळून सगळ्यांत वाटायचे. जिंकणारीला १५ गुण. मुख्य ड्रॉमधली पहिली फेरी जिंकलीस की एक गुण. डब्ल्यूटीएच्या जागतिक क्रमवारीत नाव यायला तीन स्पर्धांत तरी गुण हवेत, नाहीतर एकूण दहा. ही झाली पायरी. पण ड्रॉकडे नीट बघ. बत्तीस जणी सुरुवात करतात आणि शनिवार-रविवारपर्यंत त्यांतल्या एकतीस हरून जातात. क्वालिफायिंगमध्येच हरलेल्या वेगळ्याच. तू चौदा वर्षांखालच्या, सोळा वर्षांखालच्या गटात घरी चषक घेऊन यायचीस. तीन-चार स्पर्धांतून एखादी हरलीस की ताई दोन दिवस गप्प असायची. आता जवळजवळ दर आठवड्याला हरायचं आहे. याची लाज नाही. या धंद्याची रचनाच तशी आहे. माझं सगळं सांगणं एवढ्याभोवतीच आहे: दर आठवड्याला हरूनही जे टिकेल असं वेळापत्रक आखा, आणि पैशाचं नि मनाचं गणितही त्यावरच बसवा. चषकावर बसवू नका.

समोर कोण असेल तेही सांगतो. वय सत्तावीस, एके काळी पहिल्या दोनशेत, खांद्याच्या ऑपरेशननंतर पुन्हा खालून चढणारी. कोच नाही. कपडे हॉटेलच्या बेसिनमध्ये धुते. तिला तुझा फोरहँड बघून कौतुक वाटेल, पण पुढचे चाळीस चेंडू ती तुझ्या बॅकहँडवरच टाकेल, उंच आणि खोल, तू कंटाळेपर्यंत. ज्युनिअरमध्ये तू जोरात मारून पॉइंट संपवायचीस. इथे पॉइंट संपत नाही. पहिले सहा महिने फक्त एक मोजायचं: तिसऱ्या सेटमध्ये किती वेळा पोचलीस. जिंकलीस की हरलीस ते भाऊजींच्या वहीत राहू दे.

आता माझ्या धंद्याचं. तुझ्या रॅकेट्स माझ्याकडे गटिंगला, म्हणजे तारा बदलायला, येतात तेव्हा उभ्या तारांवर मधोमध करवतीने कापल्यासारख्या खाचा असतात, आणि तार तिथेच तुटलेली असते. म्हणजे टॉपस्पिन भरपूर आणि चेंडू बसतोय रॅकेटच्या मध्यावर. छान. पण तू तार तुटेपर्यंत खेळतेस, ते मात्र चुकतं. पॉली (पॉलिएस्टर) तार तुटायच्या बरीच आधी मरते. ताण उतरतो, चेंडू हवा तिथे पडत नाही म्हणून तू आणखी जोर लावतेस, आणि तो हिशेब कोपर चुकता करतं. दहाएक तास खेळून झालं की तार धडधाकट दिसली तरी कापून टाक. मधून बाहेरच्या बाजूला, सगळीकडून सारखी काप. तुटलेली तशीच ठेवलीस तर फ्रेम ओढली जाते. क्लेवर, दमट हवेत चेंडू जड होतो, तिथे ताण ५२ ऐवजी ५० पौंड ठेव. स्पर्धेच्या ठिकाणी गटिंगवाला असेल तर त्याचे दर आधी विचार. त्यापेक्षा तू स्वतः मशीनवर बसायला शिकलीस तर उत्तम. दिवाळीच्या सुट्टीत दुकानात ये, शिकवतो. खर्च कापायचा तर विमानाच्या तारखेत, हॉटेलात, नव्या बॅगेत कापा. तारा आणि फिजिओ यांच्यात नाही.

पैशाचं भाऊजींना वेगळं सांगतो आहेच, पण तुलाही कळलं पाहिजे. सुमित नागल २०१५ मध्ये विम्बल्डनला ज्युनिअर डबल्स जिंकला. २०१९ मध्ये यूएस ओपनला त्याने फेडररकडून पहिला सेट काढला. आणि २०२३ मध्ये त्यानेच जाहीर सांगितलं की खात्यात जेमतेम ९०० युरो उरलेत. पुढच्याच जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये त्याने मानांकित बुब्लिकला हरवलं, जुलैत ६८ वा झाला. लोक शेवटचं वाक्य लक्षात ठेवतात. तू मधलं ठेव. युकी भांबरी २००९ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनचा ज्युनिअर विजेता आणि ज्युनिअरमध्ये जगात पहिला. सीनियरच्या पहिल्या शंभरात यायला त्याला २०१५ उजाडलं, आणि सिंगल्समध्ये ८३ च्या वर दुखापतींनी जाऊ दिलं नाही. अंकिता रैनाने पुण्यात सराव करत वर्षानुवर्षं याच छोट्या स्पर्धा खेळल्या आणि १६० पर्यंत गेली. पेपरात तिचं नाव क्वचित यायचं, पण माझ्या लेखी ती मोठी खेळाडू.

माया राजेश्वरनचं नाव तू दर फोनला काढतेस. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंधराव्या वर्षी ती मुंबईच्या डब्ल्यूटीए १२५ स्पर्धेत क्वालिफायिंगमधून उपांत्य फेरीत गेली. जाऊ दे. तिचं वय तुझ्या कामाचं नाही. अठरा होईपर्यंत मुलींनी वर्षाला किती व्यावसायिक स्पर्धा खेळायच्या यावर डब्ल्यूटीएने १९९५ पासून मर्यादा घातली आहे, त्यामागे जेनिफर कॅप्रियाटीची कथा आहे. चौदाव्या वर्षी फ्रेंच ओपनची उपांत्य फेरी, सोळाव्या वर्षी ऑलिंपिक सुवर्ण, आणि अठरापर्यंत टेनिसबाहेर. ती परतली आणि तीन ग्रँड स्लॅम जिंकली, पण मधली वर्षं गेलीच. अ‍ॅश बार्टी तर २०११ ची ज्युनिअर विम्बल्डन विजेती. कंटाळली, २०१४ मध्ये रॅकेट ठेवून दिली, ब्रिस्बेन हीटकडून क्रिकेट खेळली, परत आली आणि २०२१ मध्ये मोठ्यांचं विम्बल्डन घेतलं. (तुझ्या आजोबांना हे सांग. क्रिकेटने कुणाचं टेनिस सुधारलं, याचा त्यांना फार आनंद होईल.)

घरातला खरा वाद कॉलेजचा आहे, हे मला माहीत आहे. माझं मत विचारशील तर अमेरिकेत पूर्ण स्कॉलरशिप मिळाली तर जा. आपल्या घराच्या ऐपतीत दोन वर्षं परदेशी स्पर्धा खेळणं म्हणजे ताईचे दागिने. तिथे कोच, फिजिओ, जिम, प्रवास आणि डिग्री एकत्र मिळते, आणि आठवड्याला दोन-दोन चुरशीचे सामने. 'कॉलेजला गेली म्हणजे टेनिस सोडलं' असं क्लबात कुणी म्हणालं तर म्हणू दे. आपल्या श्रीरामपूरची ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमकडून खेळली आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेऊन आली. एमा नव्हारो २०२१ मध्ये व्हर्जिनियाकडून कॉलेज विजेती झाली, २०२४ मध्ये यूएस ओपनच्या उपांत्य फेरीत होती. फक्त बारावीनंतर फार वेळ काढला तर खेळण्याच्या पात्रतेवर गदा येते; तो नियम प्रवेशाच्या आधी लेखी विचारून घ्या. तोवर पुण्या-सोलापुरात ज्या स्पर्धा होतात त्यांच्या क्वालिफायिंगला उतर. बाहेर जायचंच तर मोनास्टिरला सलग तीन आठवडे जा. तिथे आठवड्यामागून आठवडा डब्ल्यू१५ चालू असतात, मंगळवारी हरलीस तरी सरावाला माणसं मिळतात आणि विमानाचं तिकीट एकदाच लागतं.

दोन गोष्टींत मात्र 'हो मामा' चालणार नाही. एक: या छोट्या सामन्यांवरही सट्टा लागतो. कुणी गोड बोलून 'पहिला सेट दे' म्हणेल, 'दुसऱ्या गेममध्ये एक डबल फॉल्ट कर' म्हणेल. नाही म्हणणं पुरेसं नाही. टेनिसच्या इंटेग्रिटी एजन्सीला कळवलं नाहीस तर तोही गुन्हा धरतात. हरल्यावर सट्टेबाज इन्स्टावर घाण लिहितात, आईवरून लिहितात. सामन्यानंतर दोन तास फोन भाऊजींकडे. दोन: आजीचा काढा, शेजारच्या काकूंची पावडर, जिममधल्या मुलाचं प्रोटीन, काहीही तोंडात टाकायचं नाही. इगा श्वियाँटेकच्या झोपेच्या गोळीत बंदी असलेल्या औषधाचा अंश निघाला तेव्हा ती जगात पहिल्या नंबरवर होती, तरी २०२४ मध्ये तिच्यावर महिन्याची बंदी आली. तिच्याकडे वकील होते. आपल्याकडे आजी आहे, आणि ती साक्ष देताना रडेल.

आणि डबल्स खेळ. सिंगल्स हरलीस म्हणून सामान आवरायचं नाही. डबल्समुळे तुझी व्हॉली सुधारेल, थोडे डॉलर मिळतील, आणि परक्या गावात संध्याकाळी जेवायला सोबत मिळेल. पहिल्या स्पर्धेसाठी जोडीदारीण आत्ताच ठरव. डावखुरी मिळाली तर सोडू नकोस. नाव कळव, तिच्याही रॅकेट्सचं गटिंग मी करून ठेवतो.

तुझा,
मामा