पाण्याचे श्रेय

मिताहार सुरू केलेल्या माणसाचे पहिल्याच आठवड्यात दोन किलो वजन उतरते आणि तो ते हर्षभराने सांगतो. ऐकणाऱ्याला ठाऊक असते, की त्यातला मोठा भाग पाण्याचा आहे. त्याने ते बोलून दाखवावे की नाही? सत्य आणि प्रिय यांचा जुना पेच आता वजनकाट्यापर्यंत येऊन पोहोचला आहे, आणि तो दिसतो तितका क्षुल्लक आम्हांस वाटत नाही.

प्रथम हिशेब पाहू. आपल्या यकृतात व स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने साखरेची राखीव शिल्लक असते. प्रौढ माणसात ती साधारण अर्धा किलो भरते आणि तिच्या दर ग्रॅमाबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. भात-पोळी कमी होताच शरीर आधी ही शिल्लक मोडते. बांधलेले पाणी सुटते आणि लघवीवाटे जाते. लोणची-पापड बंद झाले, तर मिठाने अडवून धरलेले पाणीही त्यामागे निघते. चरबीचा व्यवहार मात्र कंजूष आहे. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० उष्मांक साठलेले असतात. रोज ५०० उष्मांक कमी खाल्ले, तरी आठवड्याला जेमतेम साडेचारशे ग्रॅम चरबी झिजते. एखाद्या लग्नातल्या पंगतीनंतर दुसऱ्या दिवशी काटा किलोभर पुढे सरकतो, तेही बहुतांशी हेच परतलेले पाणी होय.

चरबीची टक्केवारी सांगणारे विजेचे काटे आता शिवाजी नगरातल्या घरांतूनही दिसतात. हे यंत्र चरबी मोजत नाही. ते तळपायांतून क्षीण विद्युत्प्रवाह सोडून त्याला होणारा विरोध मोजते, आणि वय, उंची, वजन यांच्या आधारे चरबीचा अंदाज बांधते. पाण्यातून वीज सहज वाहते, चरबीतून वाहत नाही. म्हणून शरीरातले पाणी उतरले, की यंत्राला चरबी वाढल्यासारखी भासू शकते. वजन घटल्याचा आनंद आणि चरबी वाढल्याचे दुःख एकाच सकाळी एकाच काट्यावर भेटते, ते असे.

भोपाळकरांना याचे एक उदाहरण घराजवळच आहे. मोठ्या तलावाची पातळी १६६६.८० फुटांवर गेली, की तलाव भरला असे आपण म्हणतो आणि भदभद्याच्या दरवाज्यांकडे पाहायला जातो. परंतु तळाशी गाळ किती आहे, हे तो आकडा सांगत नाही. तो उपसण्यासाठी १९९५ मध्ये सुरू झालेल्या भोज पाणथळ प्रकल्पात वेगळे काम हाती घ्यावे लागले. माणसाचेही तसेच. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण छापले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३; शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के. काटा दोघांना सारखेच मानत होता.

मग पाण्याचे वजन खोटे म्हणावे काय? तसेही नाही. हृदय दुबळे झालेल्या रुग्णाला डॉक्टर रोज सकाळी वजन करायला सांगतात ते पाण्यासाठीच. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले, तर ती धोक्याची सूचना असते. आकडा तोच असतो. त्याला आपण कोणता प्रश्न विचारला, यावर त्याचा अर्थ ठरतो.

आमच्या मते खरी गफलत शरीरशास्त्रात नाही, ती नीतिविचारात आहे. १९५६ मध्ये नागपूर सोडून नव्या राजधानीत नोकरीनिमित्त आलेल्या आपल्या कुटुंबांनी एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार सोबत आणले. व्रताला एकच कसोटी असे, ते पाळले की मोडले. (साबुदाण्याच्या खिचडीविषयी येथे मौन बरे.) उपासाचे पुण्य कोणी तराजूत घालून पाहत नसे. आजच्या पथ्याने व्रताकडून पुण्य आणि पाप या भावना उचलल्या, पण निवाडा मात्र काट्याच्या हाती दिला. त्यामुळे पहिल्या आठवड्यात न केलेल्या कर्तबगारीचे श्रेय मिळते; आणि तिसऱ्या आठवड्यात, नेमाने पथ्य पाळूनही, काटा थबकला की माणूस आपल्यालाच चारित्र्यहीन ठरवतो. कित्येकांचे पथ्य सुटते ते येथेच, आणि मधुमेह असलेल्या घरात त्याची किंमत मोठी असते. निष्काम कर्माचा उपदेश येथे अपुरा पडतो. ज्याच्या रक्तातली साखर उतरायला हवी, त्याने फळाकडे पाहू नये असे कसे म्हणावे? फळ कोणते, एवढे मात्र त्याने ओळखावे.

म्हणून गप्प राहण्यातील दयाळूपणा आम्हांस फसवा वाटतो. पहिल्या आठवड्यात राखलेल्या मौनाचा भुर्दंड तिसऱ्या आठवड्यात तोच माणूस भरतो. सांगायचे ते आधी सांगावे, पथ्य धरण्यापूर्वी: पहिले दोन किलो बहुतांशी पाण्याचे असतील, पुढे काटा अडखळेल, मधून मागेही येईल, वजन आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी, सकाळी उपाशीपोटी करावे, महिन्यामहिन्याची तुलना करावी आणि कमरेला शिंप्याची फीत लावून पाहावी. आणि आधी सांगायचे राहून गेलेच, तो हसत दारात आलाच, तर? त्या दिवशी आम्ही त्याच्या आनंदात सहभागी होऊ, मीठ सोडलेस का एवढे विचारू आणि उरलेले त्याच आठवड्यात, तिसरा उजाडण्यापूर्वी, त्याच्या घरी जाऊन सांगू.