जवळ की बंद?

वाचन : इफिस २:१३-१४

एका इंग्रजी शब्दाची अक्षरे तीच. ‘क्लोस’ म्हटले तर जवळचा, ‘क्लोझ’ म्हटले तर बंद करणे. दोन्हींचे लॅटिन मूळ ‘बंद करणे’ हेच आहे.

आपलेही असेच होते. सुरतेच्या डिंडोलीत खानदेशातून आलेली अनेक मराठी कुटुंबे आहेत. भाषेने, नात्याने आपण एकमेकांच्या जवळ येतो आणि नकळत इतरांना दार लावून घेतो. भिंतीपलीकडचा ओडिया कामगार तापाने पडून असला, तरी आपल्याला पत्ता नसतो.

ख्रिस्ताने दूरच्यांना जवळ आणले ते मधली भिंत पाडून. शब्बाथ शाळेत मुलांना हे शिकवू या. पण आधी आपणच त्या शेजाऱ्याची विचारपूस करून येऊ या.