चारित्र्याची अट

कोलकात्याच्या सोनागाछीत देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनी १९९५ साली स्वतःची सहकारी पतसंस्था काढायचे ठरवले, तेव्हा कायद्यातली सभासदाच्या चांगल्या चारित्र्याची अट आडवी आली. गृहिणी म्हणून नोंदणी करा, ही पळवाट त्यांनी नाकारली. अखेर अटच बाजूला झाली आणि ‘उषा’ उभी राहिली. त्याआधी गरजेला फक्त सावकार होता. व्याज थकलेले असले की आजारपणातही गिऱ्हाईक घ्यावे लागते, निरोधचा आग्रह सोडावा लागतो. हाती पासबुक असले की ‘नाही’ म्हणणे परवडते. नकाराचे बळ उपदेशातून येत नाही; ते गाठीच्या पैशातून आणि पाठीशी असलेल्या चौघींमुळे येते. म्हणूनच या स्त्रियांची संघटना ही त्यांच्या सुटकेची पहिली पायरी आहे, असे माझे मत आहे.

कायदा त्यांना एकटे पाडतो. १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा प्रौढ स्त्रीचा देहविक्रय थेट गुन्हा ठरवत नाही. पण गिऱ्हाईक बोलावणे गुन्हा ठरवतो, आणि तिच्या कमाईवर जगणारा सज्ञान मुलगाही त्यात अडकू शकतो. या कचाट्यात एकटीला कोणीही नाडावे. सांगलीत १९९६ मध्ये ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ (व्हॅम्प) स्थापन झाली, ती याच अन्यायाविरुद्ध. पोलिसांनी या स्त्रियांना सन्मानाने वागवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बजावले खरे. पण दिल्लीतला आदेश चौकीतल्या हवालदारापुढे ठेवायला दहाजणी एकत्र जाव्या लागतात.

या स्त्रियांनी संघटित होऊन कामगार म्हणून हक्क मागण्यावर सर्वांत गंभीर आक्षेप दलित स्त्रीवाद्यांचा आहे. देवदासी प्रथेने दलित मुलींवर जे लादले, त्याला ‘काम’ म्हणणे म्हणजे जातीच्या अत्याचाराला प्रतिष्ठा देणे नव्हे का? हा प्रश्न टाळता येणार नाही. पण कामगाराचा हक्क मागणे म्हणजे कामाचा गौरव करणे नव्हे. हाताने मैला उचलण्याची प्रथा संपवा, ही मागणी सफाई कामगारांच्या संघटनांनीच रेटली. दुसरी भीती मुलींच्या तस्करीची. ती रास्त आहे. मात्र गल्लीत नवी आलेली मुलगी अल्पवयीन आहे, हे पोलिसांच्या आधी तिथल्या बायकांना कळते. सोनागाछीतल्या ‘दुर्बार’ संघटनेची स्वनियमन मंडळे नव्या मुलीचे वय आणि तिची मर्जी तपासतात, ती याच जोरावर.

ज्यांना हा व्यवसाय सोडायचा आहे, त्यांना वाट मिळालीच पाहिजे. पण ती वाट कोणती, हे ठरवताना त्या स्त्रियांना बैठकीत बसवा, आणि दारात चारित्र्याचा दाखला मागू नका.