चित्रावर विश्वास, माणसावर का नाही?

गरीब माणूस आपल्यावर झालेला अन्याय सांगू लागला की आपण त्याच्याकडे पुरावा मागतो. पुरावा मागणे गैर नाही. पण पुरावा उभा करण्याची साधने कोणाच्या हाती असतात, हे आपण क्वचितच विचारतो. इराकच्या दक्षिणेकडील दलदलींची हकीकत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे.

टायग्रिस आणि युफ्रेटिस, म्हणजे उत्पत्तीच्या पुस्तकातील हिद्देकेल आणि फरात. या नद्यांच्या खालच्या अंगाला एके काळी १५ ते २० हजार चौरस किलोमीटरचा पाणथळ प्रदेश होता. बोरूची घरे, होड्या, मासे आणि म्हशी हेच तिथल्या लोकांचे जग. अब्राहामाचे ऊर, जिथे पोप फ्रान्सिस मार्च २०२१ मध्ये गेले होते, तेही याच भागात. १९९१ च्या उठावानंतर सद्दाम हुसेनच्या सरकारने बांध घालून व कालवे खणून हे पाणी वळवले. घरदार सोडून इराणच्या छावण्यांत गेलेले लोक ते सांगत होते. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार अहवालांतही ते आले होते. तरी जगाला खरा धक्का बसला तो २००१ साली. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने १९७० च्या दशकातील आणि २००० सालातील उपग्रहचित्रे शेजारी-शेजारी ठेवली आणि सुमारे ९० टक्के दलदल नाहीशी झालेली दिसली. माणसे दहा वर्षे जे सांगत होती, तेच चित्राने सांगितले. मग माणसांचे शब्द कुठे कमी पडले?

२००३ साली सरकार कोसळताच लोकांनी स्वतःच बांध फोडले. काही वर्षांत जवळपास निम्मी दलदल पुन्हा ओली झाली, आणि २०१६ मध्ये तिला जागतिक वारशाचा मान मिळाला. आता तिच्यावर आकाशातून पहारा असतो. पाणी सूर्याचे अवरक्त किरण गिळते म्हणून चित्रात काळे दिसते. हिरवी पाने तेच किरण परतवतात. लँडसॅट मालिकेतील प्रत्येक उपग्रह दर १६ दिवसांनी त्याच जागेवरून जातो. २०२१ नंतरच्या दुष्काळात पाणी पुन्हा आटत गेले, तेही या चित्रांनी टिपले.

या वेळी मात्र आरोपी एक नाही. तुर्कस्तान, सीरिया व इराणमधली धरणे, कमी पाऊस, वाढलेली उष्णता आणि इराकच्याच शेतातून वाया जाणारे पाणी, सगळ्यांचा वाटा आहे. वरच्या अंगाच्या शेतकऱ्याने धरणाचे पाणी घेतले तर त्याने पाप केले असे कोण म्हणेल? पण चित्रांत वरचा भरलेला जलाशय आणि खालची भेगाळलेली जमीन दोन्ही दिसतात. ती पाहिल्यावर 'खाली काय होते ते आम्हाला ठाऊक नव्हते' असे धरणाचे दरवाजे हाती असलेल्यांना म्हणता येणार नाही. माझ्या मते ही चित्रांची मोठीच सेवा आहे.

तरी एक गोष्ट राहते. ऊन पाणी उडवून नेते, मीठ मागे ठेवते. प्रवाह कमी झाला की उरलेले पाणी खारट होत जाते. वरून पाहणाऱ्याला ते पाणीच दिसते, बोरूही काही काळ हिरवा दिसतो. म्हशींना मात्र ते सोसत नाही. त्या आजारी पडतात, दूध आटते, काही दगावतात. मग कुटुंब जनावरे विकून शहराच्या कडेला जाऊन राहते. हे सारे म्हशी राखणाऱ्याला आधी कळते आणि तो ते सांगतोही. चित्रात पाणी आहे आणि माणूस म्हणतो पाणी गेले, अशा वेळी कोणाचे खरे मानायचे? चित्र खोटे नसते. पण नकाशावर काळा ठिपका दिसतो म्हणून त्या माणसाला परत पाठवणे हा नव्वदच्या दशकातलाच अन्याय झाला. पाण्याचे वाटप ठरवणाऱ्यांच्या बैठकीत उपग्रहाच्या नकाशाशेजारी या लोकांनाही जागा द्यावी, आणि त्यांनी दूध आटल्याचे सांगितले तर ते त्याच दिवशी नोंदवून घ्यावे.