आयतें उत्तर

इ. स. २०२२ च्या नोव्हेंबरांत चॅटजीपीटी लोकांच्या हातीं आलें, तेव्हांपासून विद्यार्थ्यानें कृत्रिम बुद्धीचें साहाय्य घ्यावें कीं नाहीं, हा वाद घरोघरीं चालू आहे. न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक शाळांनीं २०२३ च्या जानेवारींत त्यास मज्जाव केला आणि मे महिन्यांत तो मागें घेतला. हे हेलकावे पाहिले म्हणजे आम्हांस वाटतें कीं, मूळ प्रश्न निराळाच आहे: मूल शाळेंत उत्तर मिळविण्याकरितां जातें, कीं उत्तर काढण्याची शक्ति मिळविण्याकरितां?

तुर्कस्तानांत सुमारें एक हजार शाळकरी मुलांवर झालेला एक प्रयोग येथें विचार करण्याजोगा आहे. गणिताच्या सरावास कांहींना हें साधन जसेंच्या तसें दिलें. कांहींना उत्तर न सांगतां केवळ सूचना करणारें दिलें. उरलेल्यांजवळ नेहमींचीं पुस्तकेंच होतीं. सरावांत पहिल्यांचे गुण शेंकडा ४८ नीं आणि दुसऱ्यांचे शेंकडा १२७ नीं अधिक भरले. पुढें साधन काढून घेऊन परीक्षा घेतली, तों पहिल्यांचे गुण पुस्तकवाल्यांपेक्षां शेंकडा १७ नीं कमी! दुसऱ्यांची ही हानि बहुतांशीं टळली. मात्र त्यांची सरशीही झाली नाहीं. विशेष हें कीं, आपण कमी शिकलों असें पहिल्या मुलांना वाटलेंही नाहीं.

कोणी म्हणेल, लेखनकलेविषयींही अशीच भीति होती. प्लेटोच्या ‘फीड्रस’ संवादांतला इजिप्तचा राजा लेखनानें स्मरणशक्ति क्षीण होईल असेंच म्हणतो. हा आक्षेप हलका नव्हे. परंतु पोथी स्मरणाचा भार घेते. अर्थ लावण्याचा भार वाचकावरच राहतो. हें यंत्र तो दुसरा भारही उचलूं पाहतें.

म्हणून त्यास घराबाहेर ठेवावें असें आमचें म्हणणें नाहीं. ज्या घरीं शिकवणी परवडत नाहीं, त्या घरच्या मुलाला रात्रीं दहा वाजतां शंका विचारावयास हें साधन मोठा आधार होईल. आधीं स्वतःचें उत्तर मांडावें, मग तें चुकलेलें कां असेना. नंतर यंत्रास विचारावें, आणि त्याचें म्हणणेंही पडताळून पाहावें, कारण तेंही पुष्कळदां चुकतें. हा नेम मुलांनीं पाळावा अशी इच्छा असेल, तर आम्हां वडीलधाऱ्यांस एक संवय सोडावी लागेल. मुलानें गुण किती मिळविले हें आम्ही तत्परतेनें विचारतों. तें उत्तर त्याला कसें सुचलें, हें क्वचितच विचारतों.