‘एवढं कोण वाचतंय, सर?’

वाचतात. मुलाखत घेणारा माणूस तुझा रेझ्युमे आठवडाभर आधी वाचत नाही, हे कबूल. तू आत यायच्या पाच मिनिटं आधी वाचतो आणि तू खुर्चीत बसलास की तुझ्या डोळ्यांदेखत वाचतो. हातात पेन असतं. एका ओळीखाली रेघ मारतो आणि म्हणतो, ‘याबद्दल जरा सांगा.’ ती ओळ कोणती असेल, सांगता येईल तुला? सोमवारच्या पेपरातले निम्मे प्रश्न तूच काढून त्यांच्या हाती दिलेत. त्यातल्या काही ओळी चुकीच्या आहेत, हे आज गुरुवारी तुझ्या लक्षात आलं. आणि लक्षात आल्यावर तू काय केलंस? मला फोन लावलास आणि विचारलंस, ‘गप्प बसलो तर चालेल ना?’

नाही चालणार.

तू पाठवलेली फाईल उघडली. नाव ‘रेझ्युमे फायनल न्यू 2’. मोबाइल नंबरात एक आकडा कमी. हिंजवडीतल्या कंपनीला पाठवलेल्या पत्रात खराडीतल्या भलत्याच कंपनीचं नाव, आणि खाली ‘आपल्याच कंपनीत काम करण्याची माझी कित्येक वर्षांची इच्छा आहे.’ दुसऱ्या पानाच्या तळाशी प्रतिज्ञा: वर दिलेली सर्व माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे. त्याखाली तुझं नाव, आणि डाव्या कोपऱ्यात ‘स्थळ: नाशिक, दिनांक: जून 2022’. तू पुण्यात राहतोस. नाशिकचा तुझा मित्र. त्याचा फॉरमॅट उचललास, त्यात स्वतःचं नाव घातलंस आणि पाठवून मोकळा झालास. माहिती खरी असल्याची हमी ज्या ओळीत देतोस, तीसुद्धा तुला वाचाविशी वाटली नाही?

‘गडबडीत झालं.’ कसली गडबड? जाहिरात येऊन तीन आठवडे झाले होते. वेळ नव्हता असं मला सांगू नकोस, मॅचच्या स्कोअरबद्दल रोज रात्री ग्रुपवर लिहीत होतास. दोन पानं मोठ्याने वाचायला दहा मिनिटं लागतात. ती तू दिली नाहीस. आळस केलास, आणि आळसाला गडबड हे नाव दिलंस.

तरीही नंबर, पत्र, स्थळ या चुकांवर मी फार ओरडणार नाही. त्या वेंधळेपणाच्या आहेत, लाज वाटण्यासारख्या आहेत, पण दहा मिनिटांत निस्तरता येतात. मला खटकल्या त्या दुसऱ्या दोन.

पदवीला तुझा सीजीपीए 7.25. त्याच्यासमोर तू टक्के लिहिलेस 68.88. कुठून आणलेस? 9.5 ने गुणलंस. का? ‘सगळे तसंच करतात.’ अरे, 9.5 चा गुणाकार सीबीएसईच्या दहावीसाठी होता, शाळेच्या निकालासाठी. तुझ्या इंजिनिअरिंगच्या पदवीशी त्याचा काय संबंध? एआयसीटीईच्या तक्त्यात 7.25 म्हणजे 65 टक्के. विद्यापीठाचा स्वतःचा नियम असेल तर तो पाहायचा. बहुतेक वेळा गुणपत्रिकेच्या मागेच छापलेला असतो. गुणपत्रिका उलटून पाहिलीस कधी? चार वर्षं इंजिनिअरिंगचं गणित केलंस आणि सूत्र कुठलं लावायचं हे मित्राला विचारलंस.

दुसरी चूक तारखेची. पहिली नोकरी जुलै 2022 ते डिसेंबर 2023. अठरा महिने. रेझ्युमेत लिहिलंस मार्च 2024. एकवीस महिने. आणि सोबतच्या पत्रात ‘जवळपास दोन वर्षं’. दीडाचे पावणेदोन, पावणेदोनाचे दोन. आता मला एक सांग. नजरचुकीने आकडा चुकतो तेव्हा तो कधी वाढतो, कधी कमी होतो. तुझे टक्के वाढले, महिनेही वाढले. एकही चूक तुझ्या तोट्याची कशी नाही? फोनवर तू ‘चुकून’ हा शब्द चार वेळा वापरलास. मोबाइल नंबरासाठी तो मी मान्य करतो. तारखेसाठी नाही. ते तीन महिने रिकामे दिसू नयेत म्हणून तू ते झाकलेस. आणि झाकताना ते तुला पुरतं ठाऊक होतं.

काय होतं त्या तीन महिन्यांत? वडिलांचं ऑपरेशन. तू गावी होतास, दवाखान्याच्या फेऱ्या करत होतास, रात्री त्यांच्या उशाशी बसत होतास. यात लपवण्यासारखं काय होतं रे? कुठल्या शहाण्या माणसाने तुला त्याबद्दल नावं ठेवली असती? सरळ सांगता आलं असतं असं कारण होतं तुझ्याकडे. ते सोडून तू खोटी तारीख घेतलीस. याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

आणि हे झाकलेलं राहील असं तुला वाटतं? पीएफचा यूएएन कंपनी बदलली म्हणून बदलत नाही. त्याच्या सेवा इतिहासात कुठे कधी लागलास आणि कधी सोडलंस, दोन्ही तारखा असतात. रिलीव्हिंग लेटरवर शेवटचा दिवस छापलेला असतो. पडताळणी करणारी संस्था हेच कागद मागते आणि शेजारी शेजारी ठेवून बघते. त्याला हुशारी लागत नाही, वाचता आलं की पुरतं. ही पडताळणी बहुतेक वेळा ऑफर हातात पडल्यावर होते, कधी रुजू झाल्यावरही चालू असते. म्हणजे तोवर तू आत्ताच्या नोकरीचा राजीनामा दिलेला असणार, नोटीस पीरियड संपलेला असणार, पेढे वाटून झालेले असणार. मग तेलही गेलं, तूपही गेलं. घरच्यांना काय सांगशील? ‘चुकून झालं’?

‘पण आत्ता सांगितलं तर कॉलच रद्द होईल.’ होऊ शकतो. त्यांची अट 65 च्या वर असेल तर होईलही. मग तू त्या जागेला पात्र नव्हतास, एवढाच त्याचा अर्थ. आज कळलं तर एक सोमवार जाईल. चार महिन्यांनी कळलं तर नोकरी जाईल, आणि ती का गेली हे पुढच्या प्रत्येक मुलाखतीत सांगत बसशील. यातलं स्वस्त काय, ते तुला कळत नाही असं मी मानायला तयार नाही. कळतं. म्हणूनच मला फोन केलास. मी ‘जाऊ दे’ म्हणावं आणि तुझ्या मनाची टोचणी थांबावी, एवढ्यासाठी.

अमेरिकेत एमआयटी म्हणून संस्था आहे, नाव ऐकलं आहेस. तिथल्या प्रवेश विभागाच्या प्रमुख होत्या मॅरिली जोन्स. 1979 मध्ये संस्थेत लागल्या. तेव्हाच्या अर्जात ज्या पदव्या नव्हत्या त्या आहेत असं लिहिलं. पुढे काम उत्तम केलं, 1997 मध्ये विभागाच्या प्रमुख झाल्या, हजारो मुलांचे अर्ज त्यांच्या टेबलावरून गेले. एप्रिल 2007 मध्ये जुनी गोष्ट बाहेर आली आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला. त्यांनी जे कबूल केलं ते नीट ऐक: नंतरच्या नोकरीच्या वेळी किंवा त्यानंतर कधीही ती माहिती दुरुस्त करायचं धैर्य आपल्याला झालं नाही. त्यांच्या कामाबद्दल कुणाची तक्रार नव्हती. 28 वर्षं दुरुस्तीची संधी रोज होती, आणि दिवसागणिक ती अवघड होत गेली. तुझ्या हातात आजची रात्र आहे. तिची किंमत तुला समजत नाही?

आता काय करायचं ते सांगतो, आणि मध्ये बोलू नकोस.

गुणपत्रिका, रिलीव्हिंग लेटर, पीएफचा सेवा इतिहास, तिन्ही समोर घे. रेझ्युमेतली एकेक ओळ त्यांच्याशी ताडून बघ. आठवणीतून लिहायचं नाही. मग एचआरला मेल कर, आजच, म्हणजे उद्या शुक्रवारी ते कामावर आले की वाचतील. शनिवार-रविवारी तो मेल पडून राहिला तर सोमवारी पॅनेलसमोर जुनीच प्रत असेल. मेलमध्ये चार ओळी पुरेत. ‘माझ्या अर्जात मी पहिल्या नोकरीचा शेवट मार्च 2024 लिहिला होता, तो डिसेंबर 2023 आहे. टक्केवारी मी चुकीच्या सूत्राने काढली होती, सीजीपीए 7.25 आहे. पत्रात कंपनीचं नाव चुकलं होतं. मोबाइल नंबरासह दुरुस्त केलेली प्रत आणि पत्र सोबत जोडलं आहे. चुकीबद्दल दिलगीर आहे.’ संपलं. मित्राचा फॉरमॅट, सिस्टिमने फाईल बदलली, घाई होती, यातलं एक अक्षर नको. ‘लिहिलं गेलं’ असंही नको. ‘मी लिहिलं’ असं लिही. वडिलांचं ऑपरेशन मेलमध्ये घालू नकोस. विचारलं तर सांग, दोन वाक्यांत, मान वर करून.

आणि याच्या उलट टोकालाही जाऊ नकोस. तुझ्याच बॅचची एक मुलगी स्वल्पविराम राहिला म्हणून एचआरला तीन मेल पाठवून बसली होती. शुद्धलेखनाची बारीक चूक असेल तर ती दुरुस्त केलेल्या प्रतीत आपोआप जाते, तिचा गाजावाजा करायचा नसतो. ज्या चुकीमुळे समोरच्याचा तुझ्याबद्दलचा निर्णय बदलू शकतो, ती सांगायची. हा फरक तुला कळतो. कळत नाही असं सोंग आणू नकोस.

सोमवारी दुरुस्त केलेल्या चार प्रती घेऊन जा. पॅनेलसमोर जुनी दिसली तर नवी पुढे ठेव आणि सांग, ‘गुरुवारी मेल केला होता, ही दुरुस्त प्रत.’ त्यावर ते विचारतील, चूक कशी झाली? ‘मी पाठवण्याआधी तपासलं नाही, आणि तारीख मी सोयीची लिहिली होती.’ हे म्हणताना घशाशी येईल. येऊ दे. आरशासमोर नको, आईसमोर म्हणून बघ.

अजून एक. कौशल्यांच्या यादीत ‘कुबरनेटीज’ लिहिलं आहेस. येतं? एक व्हिडिओ पाहिला होता, बरोबर? काढून टाक. जे येतं ते तुला चांगलं येतं. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट तू एकट्याने उभा केलास, डेटाबेस तीनदा पाडून नव्याने बांधलास, ते मी जवळून पाहिलं आहे. रेझ्युमेत त्याला दीड ओळ दिलीस, आणि न येणाऱ्या गोष्टींना अर्धं पान. खरं सांगण्यासारखं एवढं असताना उसनं आणायची गरज का पडते तुला? प्रोजेक्टला सहा ओळी दे. काय तुटलं होतं आणि कसं जोडलंस, ते लिही.

फोन ठेव आता. मेलचा मसुदा साडेआठपर्यंत मला पाठव, मी जेवणाआधी वाचून देतो. दुरुस्त्या करून नऊच्या आत एचआरला गेला पाहिजे. प्रती आजच काढ, कोपऱ्यावरचं झेरॉक्सवाल्याचं दुकान साडेनऊला बंद होतं.